माळावरचे दुसरे मोरवड

दुपार कलायला लागली आणि शुभांगी टकले यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची पट्टी हिरवी झाली. त्याच क्षणी समोरच्या घरात लायटर वाजला, शेजारी परात आपटली आणि बघता बघता सगळ्या कासार गल्लीत कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. पट्टी पुन्हा लाल होईपर्यंत रात्रीचे जेवण करून ऊबपेटीत ठेवायचे, असा नियम होता. ऊबपेटी म्हणजे जुन्या गोधड्या आणि भाताचे तूस भरलेली लाकडी पेटी. बचत गटाच्या बायकांनी ती घरोघरी करून दिली होती. पेटीतली आमटी दिवेलागणीलाही वाफाळती निघे. भाकरी मात्र मऊ पडे, आणि त्यावरून गल्लीत रोज कुरबुर चाले. समोरच्या म्हाताऱ्या कासारीण काकू म्हणायच्या की सुनेला वेळेवर चुलीपाशी उभे करणे त्यांना इतक्या वर्षांत जमले नव्हते, ते नगर परिषदेच्या दिव्याने महिन्याभरात करून दाखवले.

ही तापपट्टी मोरवड गावातल्या प्रत्येक घरात होती. वीजमीटरच्या तारेतूनच तिला नगर परिषदेच्या कचेरीतून सूचना जात. कोणत्या गल्लीने कधी चूल पेटवायची, हे रोज वेगळे ठरत असे. कासार गल्लीची पाळी आज दुपारी, तर उद्या भल्या सकाळी. संध्याकाळी, दिवे लागल्यापासून निजानीज होईपर्यंत, गावात कुठेही विस्तव दिसता कामा नये.

शुभांगीताई मोरवडच्या नगराध्यक्षा होत्या. त्याआधी वीस-बावीस वर्षे त्यांनी बस स्थानकाजवळ खानावळ चालवली. गटारांच्या प्रश्नावर त्या निवडून आल्या, आणि गटारांचे काम अर्धे झाले असताना युद्ध सुरू झाले.

येळी नदीवरचा रेल्वेपूल मोरवडला लागूनच आहे. दक्षिणेकडच्या बंदरांतून उत्तरेच्या आघाडीकडे जाणारा सगळा माल त्या पुलावरून जातो. त्यामुळे शत्रूची मानवरहित विमाने या पुलासाठी येऊ लागली. गावाने त्यांना नाव दिले, घार. पहिली घार पुलाचा नेम चुकून भाजी मंडईत पडली. शुभांगीताईंच्या खानावळीला रोज पालेभाजी पुरवणारी सगुणा वाघमोडे त्या संध्याकाळी आपला गाळा आवरत होती. ती परत घरी गेली नाही.

त्यानंतर लष्कराचे एक मेजर नगर परिषदेच्या सभागृहात येऊन गेले. घार वाट कशी शोधते, हे त्यांनीच प्रथम समजावून सांगितले. दोन्ही बाजूंनी आकाशातल्या लहरी इतक्या गढूळ करून टाकल्या होत्या की उपग्रहावरून स्थान कळणे बंद झाले होते. म्हणून घारीला उष्णता पाहणारा डोळा दिलेला होता. पुलाचे लोखंड संध्याकाळी भराभर निवते आणि नदीच्या पाण्याइतकेच थंड होते. त्या डोळ्याला पूल दिसतच नाही. दिसते ते गाव. घराघरांतल्या चुली, भट्ट्या, पाण्याचे बंब आणि तापलेली छपरे यांचा मिळून एक आकार तयार होतो. युद्धापूर्वी कधीतरी उंचावरून टिपलेला मोरवडचा तो उष्मानकाशा घारीच्या स्मरणात होता. ती आधी गाव ओळखे, मग गावापासून पूल किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला, याचा हिशेब करून झेप घेई.

मेजर निघून गेल्यावर नगर अभियंता इरफान मुजावर बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले. नंतर ते शांतपणे म्हणाले की पूल हलवता येत नाही, पण गावाचा आकार बदलता येईल.

हे काम लष्कराला जमणारे नव्हते. कोणत्या गल्लीत किती घरे, कोणाकडे गॅस, कोणाकडे चूल, बेकरीची भट्टी कधी पेटते, वीटभट्टी कोणत्या वाऱ्याला लावतात, हे फक्त नगर परिषदेला माहीत होते. मुजावरांनी पाळ्यांचे गणित मांडले. मंडईच्या पत्र्यांना चुना फासला गेला. पाण्याचे टँकर तिन्हीसांजेला रस्त्यांवर सडा मारत फिरू लागले. वॉर्डावॉर्डांत सभा झाल्या. भांडणे झाली आणि मिटली. रमजानचा महिना मधेच आला, तेव्हा रोजा सोडण्याच्या वेळेला मोमीनपुऱ्यात काय करायचे, याचाही मुजावरांनी आधीच विचार करून ठेवला होता.

आणि घारी येईनाशा झाल्या. म्हणजे त्या येत होत्या, पण मोरवडवर थांबत नव्हत्या. पलीकडच्या डोंगरावर नगर परिषदेने एक श्रवणचौकी उभारली होती. तिथले मोठे कर्णे दुरूनच घरघर टिपत आणि साध्या तारेच्या टेलिफोनवर कचेरीला कळवत. लोक श्वास रोखून ऐकत बसायचे. घार गावावर एक घिरटी घाली, जणू काही विसरल्यासारखी, आणि मग आवाज पूर्वेकडे विरत जाई.

गावाने मुजावरांचा सत्कार केला. सत्काराला उत्तर देताना ते फारसे बोलले नाहीत. घार पूर्वेला जाऊन काय करते, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हाच होता, असे ते पुढे एकदा म्हणाले.

त्या प्रश्नाचे उत्तर एका सकाळी मोटारसायकलवरून आले.

हणमंत शेळके हे शुभांगीताईंचे थोरले भाऊ. गावात त्यांना आप्पा म्हणत. नदीच्या खालच्या अंगाला कुरवली नावाचे लहान गाव आहे, शुभांगीताईंचे माहेर. तिथल्या नगरपंचायतीचे आप्पा अध्यक्ष होते. ते अध्यक्षांच्या दालनात आले, खुर्चीवर बसले, आणि पिशवीतून वाकलेला, जळका पत्रा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. शिपायाने आणलेल्या चहाकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"तुझ्याकडं यायला निघालेलं पावणं आमच्याकडं उतरायला लागलंय, शुभे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिलं उतरलं तेव्हा वाटलं, वाट चुकलं असंल. परवा दुसरं आलं. दोन्ही शाळेवर. एकानं पडवी नेली, दुसऱ्यानं पाण्याची टाकी. शाळा संध्याकाळी रिकामी असते म्हणून मी आज तुझ्यापुढं बसलोय. नाहीतर बसलो नसतो, आणि तूही मला बस म्हणाली नसतीस."

मुजावरांना बोलावणे गेले. त्यांनी पत्रा उलटसुलट करून पाहिला, मग भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशापाशी गेले. मोरवडपासून पुलापर्यंतचे अंतर आणि दिशा त्यांनी फूटपट्टीने मोजली. तीच पट्टी न वळवता त्यांनी कुरवलीच्या चौकावर ठेवली. पट्टीचे टोक बरोबर कुरवलीच्या प्राथमिक शाळेवर आले.

मग मुजावरांनी समजावून सांगितले. घारीला मोरवड सापडले नाही, तर ती रिकाम्या हाताने परत जात नाही. आपल्या स्मरणातल्या आकाराशी सर्वांत जास्त जुळणारे गाव ती शोधते. कुरवलीही नदीच्या वळणावरच वसलेली. तीच एक वेस, तीच मधली पेठ, त्याच बाजूला कुंभारवाडा. एकेकाळी एकाच घराण्याने दोन्ही पेठा वसवल्या होत्या, आणि वसवताना आखणीही बहुधा एकच वापरली असावी.

"म्हणजे आपण घार परतवली नाही," शुभांगीताई हळू म्हणाल्या. "आपण तिचा पत्ता बदलला."

दुपारी नगर परिषदेची तातडीची सभा भरली. आप्पांना पाहुण्यांच्या रांगेत बसवले होते. उपाध्यक्ष कुलभूषण शहा यांनी सरळ मत दिले की कुरवलीनेही तापपट्ट्या बसवून घ्याव्यात, मोरवड मदत करील. हे अनेकांना पटले. पण मुजावर उभे राहिले आणि म्हणाले की मग घार तिसरे गाव शोधील.

"तिसरं कोणतं?" कोणीतरी विचारले.

"मला माहीत नाही. आणि माहीत नाही, हेच मला सहन होत नाही. कुरवलीचे आप्पा मोटारसायकल काढून इथं येऊ शकले. त्या तिसऱ्या गावाला कळणारसुद्धा नाही की आपल्यावर हे का पडतंय."

एका नगरसेवकाने सुचवले की मोरवडने आपला मूळ आकार परत घ्यावा, देवाच्या मनात असेल ते होईल. त्यावर सभागृहात कोणी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मंडईवर घार पडली तेव्हा गेलेल्या माणसांपैकी दोघांचे नातेवाईक त्याच सभागृहात बसलेले होते.

शुभांगीताईंना खानावळीतली एक युक्ती आठवली. स्वयंपाकघरात माशा फार झाल्या की त्या मागच्या दाराशी गुळाचे पाणी ठेवून देत. माशा हाकलत बसण्यात अर्थ नसतो, त्यांना दुसरीकडे काहीतरी अधिक गोड लागते. त्यांनी विचारले, "मुजावर साहेब, कुरवलीपेक्षा जास्त मोरवडसारखं दिसणारं दुसरं काही आपल्याला करता येईल? जिथं माणूस राहत नाही अशा जागी?"

मुजावरांनी नकाशा गुंडाळून बरोबर नेला. दोन दिवस ते घरीच बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जी योजना आणली, तिला गावाने पुढे सावलीगाव असे नाव दिले.

मोरवड आणि कुरवली यांच्या मधोमध म्हसोबाचा माळ आहे. मुरमाड, झाड नाही, घर नाही. त्या माळावर मोरवडचा आराखडा आखायचा. जिथे घर, तिथे एक लोखंडी पिंप, काळ्या रंगाने रंगवलेले आणि पाण्याने भरलेले. बेकरीच्या जागी पाच पिंपे, वीटभट्टीच्या जागी पंधरा. दिवसभर उन्हात पाणी तापेल. उन्हे उतरली की पिंपांवर गोणपाटाच्या जाड घड्या टाकायच्या. जेवणाची वेळ झाली की एकेका गल्लीची गोणपाटे एकाच दोराने ओढून काढायची. घारीच्या डोळ्याला वाटेल, मोरवडच्या चुली पेटल्या. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचे पाणी एरवी वायाच जात होते, तेच पिंपांत भरता येणार होते. माळ कुरवलीच्या हद्दीत होता, तेव्हा परवानगी आप्पांनी द्यायची होती. मेजरांना विचारले, तेव्हा त्यांनी योजना ऐकून घेतली आणि अशा कामासाठी त्यांच्याकडे काही तरतूद नसल्याचे सांगितले. जिल्ह्याच्या ठिकाणाहूनही तसेच उत्तर आले.

मग नगर परिषदेने काम वॉर्डांवर सोपवले. ज्याचा वॉर्ड, त्यानेच माळावर आपला वॉर्ड उभारायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सकाळीच निघत. आप्पांची माणसे दोर आणि खुंट्या घेऊन येत. जे घडले ते मुजावरांच्या आराखड्यात नव्हते. लोक पिंपांना आपली घरे समजू लागले. कोणी पिंपावर आडनाव लिहिले. कुंभारवाड्याने आपल्या पिंपांपुढे एक तुळस आणून ठेवली. नदीवेशीतल्या बबन गुरवाने आपले पिंप शेजारच्याच्या जागेत दोन हात सरकवले, आणि माळावर अतिक्रमणाची तक्रार दाखल झाली. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला शुभांगीताईंनी विचारले की हे खोटे गाव आहे, तिथे भांडून काय मिळणार. तो म्हणाला की खऱ्या गावातही याने हेच केले आहे, म्हणून आराखडा बरोबरच आहे. मुजावरांनी ते मोजून पाहिले. बरोबर होते. पिंप तसेच राहू दिले.

सावलीगाव पूर्ण झाले त्या दिवशी मंगळवार होता. ऊन कडक होते, पिंपे चांगली तापली होती. संध्याकाळी मुजावरांनी कचेरीच्या गच्चीवर आपले यंत्र लावले. पाण्याच्या टाकीवर आणि माळाच्या कडेला बसवलेल्या उष्णताडोळ्यांची चित्रे त्याच्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसत. दोर ओढले गेले. माळावरची माणसे ट्रॉल्यांतून परतली. पडद्याच्या डाव्या बाजूला मोरवड गडद निळे, जवळजवळ काळे. उजव्या बाजूला, माळावर, नारिंगी ठिपक्यांचे एक लखलखीत गाव. वेस, पेठ, कुंभारवाडा, सगळे जागच्या जागी. कुरवलीही निळीच होती. आप्पांनी संध्याकाळच्या चुली बंद ठेवण्याचे कबूल केले होते.

"अगदी तेच आहे," शुभांगीताई म्हणाल्या. आपले गाव असे बाहेरून त्यांनी कधीच पाहिलेले नव्हते. त्यांनी पडद्यावर कासार गल्ली शोधली, आणि तिच्यातले आपले पिंपही.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. श्रवणचौकीने डोंगरापलीकडे घरघर ऐकली होती. घार मोरवडवर यायला थोडा अवधी होता. मुजावर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. शुभांगीताई उभ्याच राहिल्या. सकाळपासून पोटात काही नसल्याने त्यांना किंचित गरगरत होते.

डाव्या बाजूच्या निळ्या गावात एक ठिपका उगवला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग एका गल्लीत दहा, दुसऱ्या गल्लीत वीस. वरच्या अंगापासून खाली नदीपर्यंत रंग पसरत चालला, जसा कागदावर तेलाचा डाग पसरतो. मुजावरांनी यंत्राच्या तारा तपासल्या, एक खटका बंद करून पुन्हा सुरू केला.

"उष्णताडोळ्यात बिघाड दिसतोय," ते म्हणाले. "सगळ्या पट्ट्या लाल आहेत. मी स्वतः पाहून आलोय."

शुभांगीताईंनी मान वर केली. टाकीच्या मागून, तांबूस, मोठा, नुकताच धुऊन काढल्यासारखा चंद्र वर येत होता.

"यंत्र ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चंद्र उगवलाय. आज अंगारकी आहे."

मुजावरांनी त्यांच्याकडे पाहिले. संकष्टी त्यांना माहीत होती. लहानपणापासून शेजाऱ्यांचे मोदक त्यांनी खाल्ले होते. दर महिन्याच्या संकष्टीला मोजकीच घरे उपास धरीत, मंगळवारी येणाऱ्या अंगारकीला मात्र गल्ल्याच्या गल्ल्या. पण पाळ्यांचे गणित मांडताना त्यांनी वॉर्डसभेत विचारले होते की उपासाच्या दिवशी काय होते, आणि उपास करणाऱ्या सगळ्यांनीच एकमुखाने सांगितले होते की उपासाला चूल पेटत नाही. ते खरेही होते. चंद्र उगवेपर्यंत पेटत नाही. शुभांगीताईही त्या सभेत होत्या, आणि त्यांनीही मान डोलावली होती. आज दुपारी कासार गल्लीची पट्टी हिरवी झाली, तेव्हा कोणीच चूल पेटवली नाही, आणि उपासाच्या इतर गल्ल्यांतही तसेच झाले होते. आपली पाळी आपण वापरलेली नाही, ती आपली शिल्लक आहे, आता चंद्र पाहून नैवेद्य करायला ती खर्चायची, यात गैर काय, असे प्रत्येक घराने प्रामाणिकपणे ठरवले होते. लाल पट्टी त्यांना पाळी वापरून झालेल्यांसाठी वाटली. शुभांगीताईंनी स्वतः खोबरे-साखरेचे सारण कालवून झाकून ठेवले होते. गच्चीवर यायचे नसते, तर त्यांचाही हात या घडीला गॅसवर असता.

पडद्यावर आता खरे मोरवड सावलीगावापेक्षा ठळक दिसत होते. मुजावरांनी जुन्या आकाराशी ते ताडून पाहिले. जुळत होते. पूर्ण नव्हे, पण कुरवलीपेक्षा आणि माळापेक्षा नक्कीच जास्त.

"घंटागाड्या काढू," ते म्हणाले. "चुली विझवायला सांगू." पण बोलता बोलताच त्यांचा आवाज मंदावला. चुली विझल्या तरी भिंती आणि छपरे तेवढ्यात निवणार नव्हती. घार त्याआधीच येणार होती.

शुभांगीताई पडद्याकडे एकटक पाहत होत्या. डाव्या बाजूच्या, आता नारिंगी झालेल्या गावात काही काळी भोके होती. मोमीनपुरा. भीमनगर. आणि सूर्यास्तानंतर न जेवणारी जैनांची शहा गल्ली. तिथे उपास नव्हता, म्हणून तिथे पट्टी पाळली गेली होती. नदीची वेसही काळी होती, पेठेतल्या दुकानांची रांगही. त्या काळ्या जागांमुळेच उजेडाला आकार आला होता.

"आकार ओळखू येतो तो मधल्या काळ्या जागांमुळं," त्या सावकाश म्हणाल्या. "त्या भरून टाकल्या तर?"

मुजावर पडद्याकडे वळले. "तर आकारच उरणार नाही. नुसता एक डाग दिसेल. पण मॅडम, चुकलं तर सगळ्यांत मोठं लक्ष्य आपणच."

"विझवायला वेळ नाही. पेटवायला आहे."

मोबाइल केव्हाचे मुके झाले होते. पण नगर परिषदेच्या घंटागाड्यांना कर्णे होते. एरवी सकाळी ओला कचरा, सुका कचरा अशी आठवण करून देणाऱ्या त्या गाड्या गल्ल्यांत शिरल्या आणि अध्यक्षांच्या नावाने सांगू लागल्या की असेल ते पेटवा, चूल, शेगडी, बंब, गीझर, इस्त्री, काहीही, आणि पेटवून तळघरात नाहीतर मोकळ्यावर जा. जी नगर परिषद इतके महिने पेटवू नका म्हणत होती, ती आता पेटवा म्हणत होती. काही लोक दारात येऊन नुसते पाहत राहिले. मग मोमीनपुऱ्यात बेकरीच्या तिन्ही भट्ट्या धडधडल्या. भीमनगरात वाचनालयासमोर टायर पेटले. पेठेतल्या दुकानदारांनी शटर वर करून इस्त्र्या आणि हीटर लावले. शहा गल्लीत उपाध्यक्ष कुलभूषण शहांनी स्वतः घरोघरी जाऊन सांगितले, आणि सूर्यास्तानंतर कधी न पेटणाऱ्या चुलींवर नुसते पाणी उकळत ठेवले गेले. कोणी काही शिजवले नाही, कोणी काही खाल्ले नाही. पाणी मात्र खळखळत राहिले.

पडद्यावरची भोके एकेक करून बुजली. वेस दिसेनाशी झाली, पेठ दिसेनाशी झाली. उरला एक कडा नसलेला, पांढुरका डाग.

घरघर ऐकू आली. जुन्या लुनाच्या आवाजासारखी, वरून येणारी. ती गावावर आली आणि तिने घिरटी घातली. मग दुसरी. शुभांगीताईंना वाटले, ही आपल्याकडे पाहते आहे आणि आपण तिला कोण म्हणून दिसावे, हे आपल्या हातात नाही. तिसऱ्या घिरटीच्या मध्यावर आवाजाने दिशा बदलली. तो पूर्वेला गेला. मुजावरांनी डोळे मिटून घेतले होते. पूर्वेला माळ होता, आणि माळाच्या पुढे कुरवली.

स्फोट झाला तेव्हा मुजावरांनी डोळे उघडून आधी पडद्याची उजवी बाजू पाहिली. सावलीगावाच्या कडेला, जिथे पूल असायला हवा होता तिथे, एक पांढरी चकती उमटली होती. त्यांनी मान हलवून होकार दिला.

सकाळी दोन्ही गावे माळावर गेली. माळाच्या कडेने जाणाऱ्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात मोठा खड्डा पडला होता. वेशीजवळची पिंपे आडवी झाली होती आणि त्यांचे पाणी मुरमात जिरून गेले होते. लोक खड्ड्यापाशी थोडेच थांबले. मग जो तो आपापल्या गल्लीत गेला आणि आपले पिंप जागेवर आहे का ते पाहू लागला. बबन गुरवाचे पिंप आडवे झाले होते, शेजाऱ्याचे उभे होते, आणि शेजारीच ते उचलायला त्याला हात लावत होता.

आप्पा बहिणीजवळ आले. त्यांनी डबा आणला होता.

"मोदक आहेत," ते म्हणाले. "थंड. आमच्याकडं काल चार वाजताच करून ठेवले होते. चंद्राला दाखवायला गरमच लागतात असं कुठं आहे?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगायचं? तू तर उपास करतेस." ते थोडे थांबले. "आमचं गाव लहान. कुणाच्या घरात काय शिजणार आहे, ते मला दारं ठोठावूनच कळतं. तुझ्याकडं दिवे आहेत."

शुभांगीताईंनी डबा हातात घेतला. त्यांनी एक मोदक मोडून अर्धा मुजावरांना दिला. मुजावर ओढ्याच्या काठावर बसून नकाशावर खड्ड्याचे अंतर मोजत होते. नेम अगदी अचूक होता. घारीने तिला दिलेले काम चोख केले होते, आणि सावलीगाव उद्यापासून रोज संध्याकाळी पुन्हा उघडायचे होते. कुरवलीच्या शाळेची पडवी आता बांधून घेता येईल, असे आप्पा म्हणत होते.

"मुजावर साहेब," शुभांगीताईंनी विचारले, "आपल्या सैन्याकडंही घारी असतील ना?"

"असणारच."

"त्यांनाही आकाशातून स्थान कळत नसेल. त्याही उष्णताच बघत असतील."

मुजावरांनी फूटपट्टी खाली ठेवली. बाई कुठे चालल्या आहेत, हे त्यांच्या लक्षात आले होते.

"तिकडंही एखादं गाव असेल," शुभांगीताई म्हणाल्या. "त्यांचीही एक नगर परिषद असेल, तिच्यात तुमच्यासारखा एखादा माणूस असेल. त्यानं आपल्या गावाचा आकार बदलला असेल." त्यांनी माळावरच्या काळ्या पिंपांच्या रांगांकडे पाहिले. आडनावे लिहिलेली, तुळस ठेवलेली, दोन हात सरकलेली. "पण मोटारसायकलवरून येऊन त्याला सांगणारं कोणी असेल का?"